सोमाजींचा डोंगा आणि जावयाची ट्राली

पंगतीत जिलेबी वाढणारा समोर उभा असताना जावयानं सासुरवाडीला कुठलाही शब्द देऊ नये, हे सुरेंद्रला निवृत्त झाल्यावर कळलं. आणि कळलं तेव्हा शब्द देऊन झाला होता.

प्रसंग मेहुण्याच्या नव्या घराच्या वास्तुपूजनाचा. गाव वडशापासून थोडं आत, वैनगंगेच्या काठाला. मेहुणा धनराज धानाचा व्यापार करतो. त्याच्याकडे एक पिकअप गाडी आहे आणि ती तो रस्त्यावर चालवतो त्याहून जास्त बोलण्यात चालवतो. नव्या घराच्या अंगणात चिंचेखाली सासरेबुवांचा, म्हणजे सोमाजींचा, जुना डोंगा, म्हणजे मासेमारीची लहान नाव, पालथा पडला होता. सोमाजींनी तो उमेदीच्या वयात बीजाच्या लाकडाच्या फळ्या जोडून स्वतः केलेला. त्या डोंग्यातून जाळं टाकून त्यांनी धनराजला शिकवलं आणि सुरेंद्रच्या बायकोचं, गिरजाचं, लग्न लावून दिलं. आता अंगणात फरशी बसवायची होती आणि डोंगा मधे येत होता.

"बाबा, यंदाच्या होळीले देऊन टाकू डोंगा," धनराज वाढता वाढता म्हणाला. "वाळलं लाकूड आहे. मस्त जळन."

सोमाजींनी हातातला घास खाली ठेवला.

"डोंगा जाळाचा नाई," ते म्हणाले. "मले तो समुद्रात न्याचा आहे."

पंगत हसली. सोमाजी हसले नाहीत. "आपली वैनगंगा जाते समुद्रात," ते म्हणाले. "तिले कोनी विचारते का, काऊन जाते म्हनून? मंग मलेच काऊन विचारता?"

"मी कुठी विचारलं," धनराज म्हणाला. "जवाईबापूइले सांगा न. त्याइच्याकडे जीप आहे." आणि मग आवाज खाली आणून, पण पंगतीच्या शेवटच्या पानापर्यंत जाईल इतकाच खाली आणून, "दरवाजा लागत नाई तिचा, ते वेगळं."

आता दरवाजा लागत नव्हता हे खरंच होतं. पण खरी गोष्ट चारचौघांत बोलायची नसते म्हणून तर माणसं सोयरीक करतात. सुरेंद्र ताठ बसला. "माह्या जीपनं नेतो," तो म्हणाला. "मामाजी, तुमी तयारीत राहा. डोंगा मी समुद्रात नेतो."

जिलेबीवाल्यानं त्याच्या पानात न विचारता आणखी दोन टाकल्या.

परतीच्या वाटेवर गिरजा मूल गावापर्यंत एक शब्द बोलली नाही. सुरेंद्रला बरं वाटलं. मध्यमवर्गीय माणूस कोणतीही भलतीसलती प्रतिज्ञा करतो ती बायको आपल्याला अडवणार या भरवशावर. मूल गेल्यावर गिरजानं खिडकीबाहेर पाहत म्हटलं, "मानलं तुमाले. बाबासाठी आजपर्यंत असं कोनी बोललं नोतं." आणि सुरेंद्रच्या लक्षात आलं, की आता खरोखरच जावं लागणार.

सुरेंद्र कोळशाच्या खाणीतून इलेक्ट्रिकल सुपरवायझर म्हणून निवृत्त झाला होता आणि भद्रावतीला लेआउटमध्ये घर बांधून राहत होता. जमिनीखालच्या अंधारात आपण वर्षानुवर्षं उजेड पाडला, ही गोष्ट तो स्वतः विसरत नसे आणि दुसऱ्यालाही विसरू देत नसे. जीपचं टप कापडाचं, तेव्हा डोंगा वर टाकून नेता येणार नव्हता. ओढूनच न्यावा लागणार. त्यानं कागदावर चित्र काढलं: दोन चाकं, लोखंडी सांगाडा, पुढे दांडा, दांड्याला हूक. खाली वळणदार अक्षरात लिहिलं, 'ट्रेलर'.

शेजारचे नानाजी एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. त्यांनी कागद हातभर लांब धरून वाचला.

"ट्रेलर?" ते म्हणाले. "मंग पिच्चर कवा येते?"

"याच्यात मामाजींचा डोंगा न्याचा आहे. समुद्रापर्यंत."

नानाजींनी विचार केला. "छोटा हत्ती टेम्पो करा न सुरेंद्रभाऊ. भाड्यानं भेटते. डोंगा टाका, दोरी बांधा, मोकळे व्हा."

सल्ला इतका शहाणपणाचा होता, की सुरेंद्रला तो मुळीच आवडला नाही. भाड्याचीच गाडी करायची तर धनराजचा पिकअप काय वाईट होता? त्यानं नानाजींना शब्दाची किंमत या विषयावर थोडं सांगितलं. नानाजींनी ते ऐकून घेतलं आणि संध्याकाळपर्यंत अख्ख्या लेआउटला कळलं, की सुरेंद्रभाऊ ट्राली बनवून राह्यले. 'ट्रेलर' हा शब्द त्या दिवशी मेला. मग एकानं विचारलं, रेतीचा धंदा करता का. दुसऱ्यानं पोरीच्या वरातीत डीजेसाठी ट्राली आताच सांगून ठेवली.

हायवेवर हेमराजचं वेल्डिंगचं दुकान आहे. हेमराज ट्रॅक्टरच्या ट्राल्या, शाळांची फाटकं आणि स्मशानभूमीचे शेड बनवतो आणि तिन्हींना एकाच जाडीचं लोखंड वापरतो.

"भाऊ, माह्या हातचं कधी मोडत नाई," तो म्हणाला. हे शंभर टक्के खरं होतं आणि पुढची अडचण तीच झाली.

"लांबी किती ठेवू?"

सुरेंद्रनं सोमाजींना फोन लावला. डोंगा बारा हात आहे, असं सोमाजींनी सांगितलं. सुरेंद्रनं दुकानातल्या फरशीवर आडवं होऊन, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, स्वतःच्या हातानं बारा वेळा मोजलं. पँटला ग्रीस लागलं. हेमराजनं खडूनं खूण केली. दोघांनाही काम शास्त्रीय झाल्यासारखं वाटलं.

ट्राली तयार झाली आणि जीपला जोडली, तेव्हा जीपच्या मागच्या बाजूनं रस्त्याला नमस्कार केला आणि पुढची बाजू वर उचलली. दिवे लावले, तर उजेड रस्त्यावर न पडता समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरीवर पडला. कोण कोणाला ओढणार, हे बघणाऱ्याला सांगता आलं नसतं.

"काही लोखंड काढावं लागन," सुरेंद्र म्हणाला.

"काढाचं?" हेमराजचा चेहरा उतरला. त्यानं आयुष्यात लोखंड फक्त लावलं होतं. शेवटी त्यानं कापलं, पण प्रत्येक तुकडा पडला की तो सुरेंद्रकडे असा बघे, जणू त्याच्या घरचं माणूस कमी होतंय.

ट्राली घरी आली त्याच आठवड्यात सोमाजीही आले. कोणी बोलावलं नव्हतं. खांद्याला पिशवी, डोक्याला लोकरीची टोपी, हातात बांबूची काठी. एसटीतून उतरून सरळ ट्रालीपाशी गेले, एक फेरी मारली, वाकले आणि आपला हात सांगाड्याला लावून मोजू लागले. सोमाजी उंच माणूस. त्यांच्या हाताची लांबी बघितली, की जाळं कसं दूर पडत असेल ते कळतं.

मोजून झाल्यावर ते सरळ झाले. "जवाईबापू, हे ट्राली कोनाच्या हाताची आहे?"

सुरेंद्रनं आपला हात पाहिला. तो शासकीय मापाचा, टेबलावर सही करण्यापुरता हात होता. सासरा आणि जावई यांच्या हातांत जेवढा फरक, त्याच्या बारापट डोंगा आता ट्रालीच्या बाहेर राहणार होता. ट्राली पुन्हा हेमराजकडे गेली. सांगाडा लांब करायचा आहे, म्हणजे लोखंड लावायचं आहे, हे ऐकून हेमराज पहिल्यांदाच हसला. त्यानं आनंदाच्या भरात दोन आडव्या पट्ट्या जास्त जोडल्या.

मग ट्राली मागे घेण्याचा सराव. ट्राली लावून गाडी मागे घेताना स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं की ट्राली डावीकडे जाते, हे सुरेंद्रला कोणीतरी सांगितलं होतं. पण डोक्याला कळणं आणि हाताला कळणं या दोन वेगळ्या खात्यांच्या गोष्टी आहेत आणि त्यांचा एकमेकांशी पत्रव्यवहार नाही. लेआउटमधली माणसं खुर्च्या घेऊन बसली. नानाजींनी कंडक्टरच्या अधिकारानं मागे उभं राहून सूत्रं हाती घेतली.

"येऊ द्या. येऊ द्या. येऊ द्या, येऊ द्या."

सुरेंद्रनं येऊ दिली. ट्राली वळली, थोडी विचारात पडली आणि नानाजींच्याच कंपाउंडच्या भिंतीत शिरली. हेमराजनं म्हटल्याप्रमाणे ट्रालीचं काही मोडलं नाही.

नानाजींनी पडलेली एक वीट उचलून पाहिली. "मी येऊ द्या म्हटलं होतं," ते म्हणाले. "आत या नोतं म्हटलं."

भिंत सुरेंद्रनं बांधून दिली. बांधकामाच्या विटा त्यानं ट्रालीतूनच आणल्या, हे त्यातल्या त्यात.

आता राहिला सरकारचा भाग. ट्रालीला नंबर लागतो. आरटीओ ऑफिसमधल्या क्लार्क बाई सभ्य होत्या. त्यांनी कॉम्प्युटर सुरेंद्रच्या बाजूला वळवून दाखवला.

"शेतीची का व्यावसायिक?"

"घरगुती."

"घरगुती ट्राली नसते, काका. हे बघा, यात शेती आहे, व्यावसायिक आहे. तुमचा सातबारा आहे का?"

"मी खाणीत होतो, मॅडम. आमचं सगळं जमिनीखाली."

"मग नेणार काय?"

"डोंगा."

बाईंनी यादी वरून खाली आणि खालून वर नेली. डोंग्याचं काहीच नव्हतं. त्यांनी आतल्या साहेबांना विचारलं. साहेब म्हणाले, डोंगा म्हणजे जलवाहतूक, ते आपल्याकडे येत नाही. सुरेंद्र म्हणाला, डोंगा नाही, ट्राली नोंदवायची आहे. साहेब म्हणाले, ट्रालीत काय नेणार? सुरेंद्र म्हणाला, डोंगा. असे बरेच दिवस गेले. शेवटी एके सकाळी गिरजा त्याच्यासोबत आली. तिनं ऑफिसच्या बाकावर बसून पिशवीतून पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा काढल्या आणि सोलायला घेतल्या. दुपारपर्यंत सोललेल्या दाण्यांचा डबा भरला. साहेब बाहेर आले.

"ताई, तुम्ही इथं काय करताय?"

"भाजीची तयारी," गिरजा म्हणाली. "तुमच्या यादीत आमची ट्राली बसत नाई म्हनता. बसेल तवा बसेल. तवरी आमी बसतो."

साहेबांनी ती पिशवी, तो डबा आणि गिरजाचा चेहरा पाहिला. अशी बाई उद्या भाकरी थापायलाही येईल, हे त्यांना दिसलं असावं. त्यांनी नियमांचं पुस्तक मागवलं आणि खासगी गाडीमागे सामान ओढायच्या ट्रालीचा एक नियम त्यात निघालाही. तो पूर्वीपासून तिथंच होता. त्याच्याकडे कोणी कधी आलं नव्हतं इतकंच.

"तपासणीला आणा," साहेब म्हणाले.

ट्रालीच्या दिव्यांचं वायरिंग सुरेंद्रनं स्वतः केलं होतं. हेमराजच्या ओळखीचा ऑटो इलेक्ट्रिशियन मदतीला तयार होता, पण त्याला सुरेंद्र असा हसला होता, की तो बिचारा चहा न पिताच गेला. तपासणीच्या मैदानात निरीक्षक मागे उभे राहिले.

"ब्रेक दाबा."

सुरेंद्रनं ब्रेक दाबला. हॉर्न वाजला.

"डावा इंडिकेटर."

उजवा लागला आणि सोबत वायपर हलू लागला. आकाश निरभ्र होतं.

निरीक्षकांनी लिहिता लिहिता सहज विचारलं, "वायरिंग कोणी केलं?"

माणसाच्या आयुष्यात खोटं बोलण्याची संधी नेमकी तेव्हा येते, जेव्हा बायको बाजूच्या सीटवर बसलेली असते. "मीच," सुरेंद्र म्हणाला. निरीक्षकांनी मान हलवली आणि दया वाटल्यासारखा नापासचा शिक्का हलक्या हातानं मारला. याहून त्यांनी जोरात मारला असता, तर बरं झालं असतं.

त्या दुपारी सुरेंद्र जेवला नाही. खोलीत पंख्याखाली आडवा झाला आणि त्यानं मनाशी ठरवलं, की पुरे. धनराजला फोन करायचा. पिकअप सांगायचा. हसेल तर हसू दे. खिडकीबाहेर ओट्यावर सोमाजी आणि नानाजी बसले होते.

"सोमाजी, खरं सांगू का," नानाजी म्हणत होते, "याच्यापेक्षा पिकअप बरा. पोराचाच आहे तुमच्या. एका दिवसात माल पोचते."

"माल पोचते," सोमाजी म्हणाले. "बरोबर आहे तुमचं. पन मी माल नाई पाठवून राह्यलो. चाळीस पावसाळे त्यानं मले पान्यावर धरलं, नानाजी. त्याले मी धान्याच्या पोत्यासारका फेकून पाठवू का?" ते पुढे म्हणाले, "आनि जवाई नेतो म्हनले आहेत. वायपर हालला तं हालू द्या. गाडी तं हालली नाई न जागची, भीतीनं."

या वाक्याचा अर्थ नीट लागत नव्हता. पण सुरेंद्र उठला, पेचकस घेतला, ट्रालीपाशी गेला आणि स्वतः जोडलेली प्रत्येक वायर स्वतः सोडली. मग त्या ऑटो इलेक्ट्रिशियनच्या घरी गेला, त्याला चहा पाजला आणि सोबत घेऊन आला. दोघांनी मिळून वायरिंग केलं आणि दोघांचंही चुकलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा केलं. पुढच्या तपासणीला ब्रेक दाबला की लाल दिवा लागत होता आणि हॉर्न गप्प बसत होता. ट्रालीला नंबर मिळाला. पाटी सोमाजींनी आपल्या फडक्यानं पुसली. त्यांना वाचता येत नव्हतं, पण आकडे चांगले आहेत असं ते म्हणाले.

जीप आणि ट्राली घेऊन सगळे सोमाजींच्या गावी गेले. डोंगा चढवायला गावातली माणसं आली. ज्यांनी पंगतीत हसून घेतलं होतं, तीच पुढे होती. डोंगा ट्रालीत बरोबर बसला, त्याचं नाक तेवढं जीपच्या कापडी टपावर आलं. दुरून बघणाऱ्याला डोंगाच जीप चालवतो आहे असं वाटलं असतं. सोमाजींनी फटींना डांबर लावलं होतं. बायांनी डोंग्याला हळदकुंकू लावलं. धनराज मोबाइलवर फोटो काढत होता.

"जवाईबापू, पिकअप मागं-मागं पाठवू का?" तो म्हणाला. "रस्त्यात काही झालं तं."

उत्तर गिरजानं दिलं. "काही झालं तं आमी तिथंच राहून घेऊ. तू फरशी बसव."

गडचिरोली गेलं, चामोर्शी गेलं, आष्टी मागे पडली. आलापल्लीनंतर जंगल दोन्ही बाजूंनी रस्त्याला चिकटून आलं. ट्राली निमूट येत होती. सुरेंद्रच्या मनात पहिल्यांदाच असं आलं, की आपण हे सगळं उगाच अवघड समजत होतो. असं मनात येणं हा प्रवासातला सर्वांत वाईट शकुन होय. पुढच्या वळणावर वनखात्याचा नाका होता आणि बांबूचा अडसर आडवा होता.

वनरक्षक सिरोंच्याकडचा, मराठीत तेलुगूचा हेल असलेला शांत माणूस होता. त्यानं डोंग्याभोवती फेरी मारली आणि नखानं फळी खरवडली.

"बीजा आहे," तो म्हणाला. "टीपी दाखवा."

"कशाची टीपी?"

"वाहतूक परवाना. लाकूड घेऊन चालले न तुमी."

"लाकूड नाई साहेब, डोंगा आहे."

"डोंगा लाकडाचाच आहे न?"

सुरेंद्र खाली उतरला. "मंग जीप लोखंडाची आहे. तिच्यासाठी खाणीचा परवाना मागता का?"

"खाण माझ्या खात्यात नाही," वनरक्षक म्हणाला. तो चिडला नव्हता, हीच पंचाईत होती. चिडलेल्या माणसाशी भांडता येतं. त्यानं वरच्या साहेबांना फोन लावला. साहेबांनी पलीकडून सांगितलं, की नाव डोंग्याचं आणि आत चोरट्या फळ्या, असं पूर्वी झालेलं आहे. तेव्हा वस्तू खरोखर डोंगा आहे का, याची खात्री करून पंचनामा करा. खात्री कशी करायची, हे साहेबांनी सांगितलं नाही. साहेब ते कधीच सांगत नाहीत.

नाक्याच्या मागे एक जुना तलाव होता. वनरक्षकानं तलावाकडे पाहिलं. सोमाजींनी त्याआधीच पाहिलं होतं.

"उतरवा," ते म्हणाले.

गुरं चारणारी चार माणसं हाताशी आली. डोंगा पाण्यात गेला. सोमाजींनी टोपी नीट केली, बांबू घेतला आणि वयाला न शोभेल अशा हलकेपणानं आत पाय टाकला. एक रेटा दिला आणि डोंगा सरळ निघाला, मधोमध गेला. काठावरची माणसं बघत राहिली. गिरजाच्या चेहऱ्यावर सुरेंद्रला ती पोरगी दिसली, जी लग्नाआधी त्याच डोंग्यात बसून माशांच्या टोपल्या राखायची.

आणि मग सोमाजी ठेंगणे होऊ लागले.

आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. ते तितक्याच रुबाबात उभे होते, फक्त गुडघे दिसेनासे झाले, मग कंबर. वर्षानुवर्षं उन्हात वाळलेल्या फळ्यांमध्ये डांबरानं न बुजलेल्या फटी होत्या आणि तलाव त्यांतून आत येत होता. सोमाजींनी घाई केली नाही. छातीएवढ्या पाण्यात ते खाली उतरले आणि दोरी धरून डोंगा ओढत चालत काठाला आले. डोंग्याचं फक्त नाक वर होतं. सोमाजींची टोपी कोरडी होती.

"बुडाला," वनरक्षक खेदानं म्हणाला. "मग डोंगा आहे असं कसं लिहू?"

सुरेंद्र त्या वेळी बुटांसकट पाण्यात उभा होता. त्याच्या मनात नानाजींची भिंत, हेमराजचं लोखंड, वायपर, नापासचा शिक्का असं सगळं एकदम वर आलं आणि त्यातून त्याच्या आयुष्यातला एकमेव कायदेशीर मुद्दा बाहेर पडला.

"साहेब, लाकूड पान्यात टाकलं तं काय होते?"

"तरंगते."

"बुडते का?"

"नाही बुडत."

"हे बुडालं का?"

"बुडालं."

"मंग हे लाकूड नाई," सुरेंद्र म्हणाला. "लाकडाले बुडता येत नाई. बुडते तो डोंगा."

वनरक्षकानं पुन्हा फोन लावला आणि हा मुद्दा जसाच्या तसा साहेबांना ऐकवला. पलीकडचं साहेबांचं हसणं काठावरच्या सगळ्यांना ऐकू आलं. गुरं चारणाऱ्यांनी पंच म्हणून अंगठे दिले. पंचनाम्यात ठसठशीत अक्षरात लिहिलं गेलं, की सदर वस्तू पंचांसमक्ष पाण्यात बुडाली, सबब ती लाकूड नसून डोंगा असल्याची खात्री झाली.

"आता तो पान्यातच राहू द्या," सोमाजी म्हणाले. "फळ्या फुगतीन, फटी मिटतीन. उद्या जाऊ." वनरक्षकानं नाक्याची पडवी झाडून दिली आणि गिरजानं पोपटाची भाजी केली, ती त्यानंही खाल्ली. सकाळी डोंगा काढला तेव्हा फटी खरोखरच बऱ्याचशा मिटल्या होत्या. अडसर वर करताना त्यानं सोमाजींना हात जोडले.

सिरोंच्यापाशी प्राणहिता, म्हणजे वर्धेला मिळून पुढे आलेली वैनगंगाच, गोदावरीला मिळते तिथं सोमाजींनी जीप थांबवायला लावली. पुलावरून ते पाण्याकडे पाहत राहिले. "यातच आहे आपली," एवढंच म्हणाले. पुढे तेलंगणा लागला, मग आंध्र, भाताची सपाट शेतं, नारळ. रस्त्यात एकदा टायर बसला, एकदा हूक तापला, दोनदा वाट चुकली. आणि एका सकाळी, जिथं गोदावरीचा एक फाटा समुद्राला मिळतो, तिथल्या रेतीत जीप उभी राहिली.

तिथले कोळी जमले. सगळे एकाच वेळी हातवारे करून तेलुगूत सांगू लागले: कुठून लोटायचा, कुठून नाही, किंवा मुळीच लोटू नका, काय असेल ते. सुरेंद्रला एक अक्षर कळत नव्हतं आणि इतक्या दिवसांत सल्ल्यानं त्याला पहिल्यांदाच काही त्रास होत नव्हता.

समुद्र बघून सोमाजींचा चेहरा लहान झाला होता. नदी एका बाजूनं वाहते. हे पाणी समोरून येत होतं. डोंगा लोटला, ते चढले, आणि पहिल्याच लाटेनं डोंगा आडवा करून त्यांना रेतीत आणून टाकलं. टोपी गेली. गिरजा धावली. सोमाजी खोकले, थुंकले, उभे राहिले.

"लोटा," ते म्हणाले.

दुसऱ्यांदाही तेच झालं. कोळ्यांपैकी एका म्हाताऱ्यानं त्यांचा दंड धरला. सोमाजींनी तो हळूच सोडवला. "लोटा," ते पुन्हा म्हणाले. तेव्हा तो म्हातारा आपल्या माणसांना काहीतरी बोलला आणि ते सगळे पाण्यात उतरले. लाट फुटून गेली त्या क्षणी सगळ्यांनी एकदम रेटा दिला. डोंगा उभा चढला, पडतोय असं वाटलं आणि पलीकडे सपाट पाण्यावर जाऊन बसला.

सोमाजी तिथं नुसते बसून राहिले. बांबू मांडीवर आडवा. वर-खाली, वर-खाली. मग हळूहळू आडव्या वाटेनं, वाळूच्या पट्टीच्या आडोशाला, जिथं पाणी निवांत होतं, तिथं काठाला आले.

"कसं वाटलं, मामाजी?" सुरेंद्रनं विचारलं.

"येऊन राह्यला होता तो अंगावर," सोमाजी म्हणाले. "मंग मी बी गेलो त्याच्या अंगावर."

गिरजा एव्हाना लुगड्याचा ओचा खोचून डोंग्यात बसलेल्या सोमाजींच्या मागे चढली होती आणि बांबू तिच्या हातात होता. तिनं सुरेंद्रकडे पाहिलं. सुरेंद्रला पोहता येत नाही. कोळशाच्या खाणीत त्याची कधी गरज पडली नव्हती. त्यानं बूट काढले, चष्मा खिशात घातला, जीपची किल्ली बाजूच्या अनोळखी कोळ्याच्या हातात दिली आणि डोंग्याचा काठ दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"सरका थोडं, मामाजी," तो म्हणाला आणि आत चढला.